विंडोज पुसण्याआधी ताईचं ऐक

सगळे गेम लिनक्सवर चालतात, हे खरं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकशील. हॉस्टेलमध्ये कुणीतरी सांगितलं आणि तू लगेच विंडोज पुसायला निघालीस! पी हळद आणि हो गोरी, असं यात होत नसतं गं. आणि लिनक्सवर पत्त्यांशिवाय काही खेळता येत नाही असं सांगणारा तो आपला बंटीदादा, तोही दहा वर्षांपूर्वीचंच बोलतोय. त्याचंही ऐकू नकोस.

मी तुला कार्ड कुठलं, रॅम किती, हे नंतर विचारीन. आधी सांग, तू खेळतेस काय आणि कोणाबरोबर? कारण रात्री मेसचं जेवण झालं की तुम्ही पाचजणी हेडफोन लावून व्हॅलोरंट खेळायला बसता, हे मला ठाऊक आहे. तर व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. त्यावर कुणाची स्क्रिप्ट, कुणाची जुगाडाची युक्ती शोधत बसू नकोस, नाहीतर इतक्या मेहनतीने वर नेलेलं खातं बॅन होऊन बसेल. पण परीक्षा झाल्यावर एकटीने पांघरुणात बसून एल्डन रिंग किंवा सायबरपंक खेळायचं असेल, तर लिनक्स तुला निराश करणार नाही. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आठवतो ना, २०२० मधला? मी तो लिनक्सवरच खेळले. दुर्गेने दिलेला त्रिशूळ फिरवताना एकदाही वाटलं नाही की हा गेम दुसऱ्याच सिस्टिमसाठी बनवलाय.

हे जमलं कसं ते थोडं ऐक. कंटाळू नकोस, कुठला गेम चालेल आणि कुठला नाही याचं उत्तर त्यातच आहे.

विंडोजवरचा गेम ग्राफिक्स कार्डाला कामं सांगतो ती बहुतेक वेळा डिरेक्टएक्समधून. डिरेक्टएक्स मायक्रोसॉफ्टचं, ते लिनक्सवर नाही. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची खटपट करतोय. साधी सॉफ्टवेअर त्यावर चालायची, पण नवे गेम धापा टाकायचे. मग २०१६ च्या फेब्रुवारीत व्हल्कन आलं. कार्डाशी थेट आणि कमी ओझ्यात बोलणारी ही पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. त्यानंतर थोड्याच काळात फिलिप रेबोल नावाच्या एका प्रोग्रॅमरला ‘नीर ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायची हौस आली. तो चालेना, म्हणून पठ्ठ्याने डिरेक्टएक्स ११ चे आदेश जागच्या जागी व्हल्कनमध्ये बदलून देणारा थरच लिहून काढला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. एका गेमच्या वेडापायी एवढं काम! स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ते पाहिलं, त्याला पैसे देऊन कामाला लावलं, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचे तुकडे एकत्र बांधून प्रोटॉन म्हणून स्टीममध्ये बसवलं. डिरेक्टएक्स १२ साठीही तसाच थर आहे.

आता व्हॉल्व्हने हे काही धर्मादाय म्हणून केलेलं नाही हं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं ते स्वतःचं दुकान सोबत घेऊन. आपल्या स्टीमचं काय होणार, या धास्तीने व्हॉल्व्हच्या गेब न्यूवेलने विंडोज ८ ला पीसीवाल्यांसाठी अनर्थ म्हटलं, आणि २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आणलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे डबे विकायला काढले, ते सपशेल आपटले. कारण तेव्हा गेम बनवणाऱ्यांना सांगावं लागायचं, बाबांनो, लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढा. मूठभर गिऱ्हाइकांसाठी कोण काढणार? प्रोटॉनने ती विनवणीच संपवली. गेमवाल्याने विंडोजची आवृत्ती काढावी, बाकी आम्ही बघतो. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत हातात धरायचा स्टीम डेक आला तेव्हा त्यावर पहिल्या दिवसापासून खेळायला भरपूर होतं. त्याच सुमारास एल्डन रिंग बाजारात आला आणि विंडोजवर जागोजागी अडखळत होता. व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये दुरुस्ती केली, आणि काही दिवस तरी विंडोजचा गेम विंडोजपेक्षा लिनक्सवर जास्त गुळगुळीत चालला. बंटीदादाला हे सांगून बघ.

मग व्हॅलोरंटचं घोडं कुठे अडलं? ग्राफिक्सपाशी नाही, हे नीट लक्षात घे. अडलंय अँटी-चीटपाशी, म्हणजे चीटर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंटचा अँटी-चीट, व्हॅनगार्ड, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतो. सोसायटीचा वॉचमन गेटवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघतो, ते ठीक. हा म्हणतो, मला तुमच्या घराची किल्ली द्या, मी माजघरात बसून लक्ष ठेवतो. लिनक्सवर प्रोटॉनने विंडोजचा कितीही हुबेहूब आभास उभा केला तरी विंडोजचा कर्नल तिथे नसतोच, मग हा बसणार कुठे?

सगळे अँटी-चीट असे हट्टी नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या नावांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी दार उघडलं. पण कडी गेम बनवणाऱ्याच्या हातात ठेवली: त्याने हो म्हटलं तर चालणार, नाहीतर नाही. आणि हो म्हटलेला माणूस उद्या नाही म्हणू शकतो, हे विसरू नकोस. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर छान चालायचा. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या कंपनीने जाहीर केलं की चीटर लोक लिनक्सची वाट वापरतात, म्हणून लिनक्स बंद. जीटीए ऑनलाइन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. जीटीए ५ ची गोष्ट तू एकटी खुशाल खेळ, ऑनलाइनला मात्र मज्जाव. लीग ऑफ लेजेंड्समध्येही त्याच वर्षी व्हॅनगार्ड आला आणि लिनक्सवरचे खेळाडू बाहेर पडले. फोर्टनाइट तर आधीपासूनच नाही म्हणतोय.

कंपन्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्या सिस्टिमचा कर्नल कुणीही हवा तसा बदलून घेऊ शकतो, तिच्यावर त्यांच्या वॉचमनने भरवसा कसा ठेवायचा? पण विंडोजवर किल्ल्या देऊनही चीटर संपले नाहीत, तेव्हा ही कारणं मला अर्धीच पटतात. बाकीच्या अर्ध्यात हिशेब आहे. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्सवाले तीन टक्क्यांच्या वर गेले तेच मुळी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, तेही पहिल्यांदाच. एवढ्या लोकांसाठी कोण डोकेदुखी घेणार? तुमच्या पाचजणींपैकी कुणाला पटलं तर काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ आहेत. दोन्ही व्हॉल्व्हचेच, लिनक्सवर प्रोटॉनशिवाय थेट चालतात. पण मैत्रिणींनी गेम बदलावा म्हणून तू सिस्टिम बदलणार असशील, तर ते व्हायचं नाही.

आता तुझं कार्ड. जीटीएक्स १६५०, बरोबर? एन्व्हिडियाचं नाव काढलं की जुने लिनक्सवाले अजून नाक मुरडतात. २०१२ मध्ये लिनक्सच्या जनकाने, लिनस टॉरव्हाल्ड्सने, फिनलंडमधल्या एका व्याख्यानात कॅमेऱ्यासमोर एन्व्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं, ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. ड्रायव्हर बंद पेटीत, कर्नलवाल्यांना आत डोकावू न देणारा, ही तक्रार खरीच होती. २०२२ मध्ये एन्व्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. तो चालतो ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांवर, आणि तुझं १६५० ट्युरिंगच आहे. तुझ्या रूममेटच्या जुन्या लॅपटॉपमधलं १०५० मात्र त्याआधीच्या पास्कल पिढीतलं. त्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका, पुढच्या मालिकेत ते नाही. उद्या तिने तुझं बघून रोज नवं सॉफ्टवेअर ओढणारी एखादी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, टाकली आणि काळा पडदा आला, तर शिव्या तुला बसतील. तिला आत्ताच सांगून ठेव.

एएमडीचं कार्ड असतं तर हा सगळा परिच्छेद मी लिहिलाच नसता. त्यांचा कर्नलमधला ड्रायव्हर खुला, तो कर्नलबरोबरच येतो, आणि वरचा भाग मेसा नावाच्या खुल्या प्रकल्पातून. त्यातला रॅडव्ही हा व्हल्कन ड्रायव्हर २०१६ पासून एएमडीच्या बाहेरच्या लोकांनी उभा केला, व्हॉल्व्हनेही त्यात माणसं घातली. तो इतका सरस निघाला की २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा दुसरा व्हल्कन ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीच पुढे न्यायचं ठरवलं. वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही: सिस्टिम टाकली, स्टीम टाकलं, खेळायला बस. पुढचा लॅपटॉप घेशील तेव्हा हे ध्यानात ठेव. एन्व्हिडियावर डिरेक्टएक्स १२ चे जड गेम लिनक्समध्ये विंडोजपेक्षा थोडे मागे पडतात, एएमडीवर तो फरक फारसा जाणवत नाही.

बरं, तुझ्या लॅपटॉपवर प्रत्यक्ष काय होईल ते सांगते, कारण नव्वद टक्के माणसं इथेच हरतात. (टक्केवारी माझी, अंदाजपंचे!) विंडोज ठेवून शेजारी उबुंटू ही डिस्ट्रो टाकताना ते विचारेल, ग्राफिक्ससाठी बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू का? हो म्हण. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) चालू असेल तर तिथेच एक पासवर्ड ठरवायला सांगेल. लोक काहीतरी टाइप करून विसरून जातात. मशीन पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो, जुन्या डॉसच्या जमान्यातला वाटावा असा, वर मोक मॅनेजमेंट असं लिहिलेलं. त्यात पहिला पर्याय असतो पुढे चला, आणि घाईत आपण तोच दाबतो. तसं केलंस की ड्रायव्हरवरची सही मशीनला ओळखता येत नाही, आणि ड्रायव्हर लोडच होत नाही. सगळं चालू दिसतं, वॉलपेपर छान दिसतो, पण गेम इंटेलच्या ग्राफिक्सवर रखडत चालतो आणि माणूस लिनक्सला शिव्या देतो. तू दुसरा पर्याय घे, एनरोल मोक. मग पुढे, मग हो, मग तो मघाचा पासवर्ड. झालं, पुन्हा विचारणार नाही.

काही लोक सांगतील, सिक्युअर बूटच बंद कर, कटकट गेली. बिलकुल करू नकोस! विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट चालूच लागतं. इकडची कटकट वाचवायला जाशील आणि रात्री मैत्रिणी लॉबीत तुझी वाट बघत बसतील. शिवाय सिक्युअर बूटला हात लावला की विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर जागं होतं आणि ४८ आकडी किल्ली मागतं. ही किल्ली तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण लॅपटॉप कुलूपबंद असताना ऐनवेळी ती मोबाइलवरून शोधत बसावं लागतं. म्हणून ती आधीच काढून ठेवायची.

तुझ्यासारख्या, इंटेल आणि एन्व्हिडिया अशा दोन कार्डांच्या लॅपटॉपवर गेम कधीकधी स्वतःहून धाकट्या कार्डावर सुरू होतो. मँगोहड नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाक. ते खेळताना कोपऱ्यात फ्रेमरेट, तापमान आणि सांगितलंस तर कार्डाचं नावही दाखवतं. नाव इंटेलचं दिसलं की समज. स्टीम उबुंटूच्या सॉफ्टवेअरच्या दुकानातून घेऊ नकोस, तिथे स्नॅपची आवृत्ती मिळते आणि तिच्या कुरबुरी फार. स्टीमच्या स्वतःच्या साइटवरची डेब फाइल घे. आणि विंडोजच्या डी ड्राइव्हवर आधीच डाउनलोड केलेले गेम तिथूनच लिनक्समध्ये चालवायचा मोह होईल, कारण हॉस्टेलच्या वायफायवर शंभर जीबी पुन्हा ओढायचे म्हणजे शिक्षाच. तरी करू नकोस. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर प्रोटॉन अडखळतं, फायलींचे हक्क आणि नावं यांचा घोळ होतो, आणि गेम ‘खेळा’ दाबल्यावर काही न बोलता बंद होतो. गेम लिनक्सच्या पार्टिशनवर कॉपी करून घे आणि मग स्टीमला फायली तपासायला सांग, बरंचसं डाउनलोड वाचेल.

एखादा गेम चालेल की नाही हे विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर पाहा. तिथे लोक आपापल्या कार्डासकट सांगतात, चाललं की नाही आणि काय केल्यावर चाललं. तुझ्याच कार्डाचे आणि अलीकडचे अभिप्राय वाच, नुसतं ‘प्लॅटिनम’ बघून भाळू नकोस. तरी फसलीस तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळली असशील तर पैसे परत मिळतात. पहिल्यांदा गेम उघडताना ‘व्हल्कन शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी येईल आणि सरकता सरकत नाही असं वाटेल. ती पूर्ण होऊ दे. ती टाळून आत गेलीस तर दर नव्या जागी झटके बसण्याची शक्यता जास्त. एपिक आणि गॉगवर घेतलेल्या गेमसाठी हिरोइक नावाचा लाँचर आहे, तो बेश.

वेलँड, एक्स११ हे शब्द कानावर येतील. पडद्यावर खिडक्या कोणी मांडायच्या, याची ही नवी आणि जुनी व्यवस्था. पूर्वी एन्व्हिडिया आणि वेलँडचं जमायचं नाही, गेम लखलख करायचे. २०२४ च्या ५५५ ड्रायव्हरपासून ते बरंच मिटलं. जे आपोआप येईल ते राहू दे. एचडीआर केडीई प्लाझ्मामध्ये आता चालतं, पण तुझ्या लॅपटॉपच्या पडद्याला त्याचा उपयोग नाही, सोड. पुढेमागे एएमडीचं कार्ड आणि मोठा टीव्ही घेतलास तर एवढं आठव, की एचडीएमआय २.१ खुल्या ड्रायव्हरमध्ये द्यायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीला नकार दिला, म्हणून डिस्प्लेपोर्ट बरा.

आणि एक गंमत, नाहीतर घाबरशील. दोन्ही सिस्टिम एका मशीनवर असल्या की लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. मशीन बिघडलेलं नसतं. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतो, आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. लिनक्सला एका ओळीच्या आज्ञेत स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, ते मी करून देईन.

डिस्ट्रोवरून भांडणं ऐकशील. स्टीम डेकसारखा अनुभव हवा असेल तर बझाइट आहे, फेडोरावर बांधलेली, गेमसाठीच सगळं तयार. पण तुला त्याच मशीनवर कॉलेजची असाइनमेंटही करायची आहे, अडलं की शोधल्यावर उत्तर सापडलं पाहिजे, म्हणून मी तुला उबुंटू किंवा मिंटच सांगेन. कुणी आर्च टाकायला सांगितलं तर त्याला म्हणावं, अंतिम वर्ष संपल्यावर बघू.

तेव्हा माझं मत सरळ आहे. मैत्रिणी व्हॅलोरंट सोडत नाहीत तोवर विंडोज ठेव, शेजारी दीडशे-दोनशे जीबी लिनक्सला दे, आणि एकटीचे गेम तिकडे खेळ. विंडोज पुसायचं की नाही ते वर्षाने ठरव, तेव्हा तू दोन्हींपैकी कशात जास्त वेळ बसतेस हे तुझं तुलाच कळलेलं असेल. आणि हे सगळं सबमिशन संपल्यावर, त्याआधी लॅपटॉपला हात लावायचा नाही. सुट्टीत घरी येशील तेव्हा पेन ड्राइव्ह मी तयार ठेवते. तू प्रोजेक्टच्या फायलींचा बॅकअप घे, आणि बिटलॉकरची ती ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून आण. मोबाइलमध्ये नाही, कागदावर.